कोहा : एका आहेराची गोष्ट



न्यूझीलंड म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, फार तर मेंढ्या. पण त्या देशातल्या एका लहानशा वाचनालयाने जगभरच्या वाचनालयांवर जे उपकार करून ठेवले आहेत, त्यांची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. मी ती सांगायला बसलो आहे त्यालाही एक कारण आहे, ते ओघात येईल. जन्मभर मुलांना तह, लढाया आणि सनावळ्या शिकवल्या, त्यामुळे हीसुद्धा गोष्ट सनावळीसकटच येणार. कंटाळा आला तर आमच्या वर्गातली मुलं करायची तसं खिडकीबाहेर बघावं, मी काही म्हणणार नाही.

वेलिंग्टन या राजधानीपासून उत्तरेला साधारण नव्वद-पंच्याण्णव किलोमीटरवर लेव्हिन नावाचं गाव आहे. आजूबाजूला भाजीपाल्याचे मळे. जवळच फॉक्स्टन, जिथे एके काळी घायपातासारख्या एका रोपापासून दोरखंड करण्याचा मोठा धंदा होता. आणि शॅनन नावाचं आणखी छोटं गाव. या सगळ्या भागाला होरोफेनुआ म्हणतात. (स्पेलिंगमध्ये 'डब्ल्यूएच' आहे, पण माओरी भाषेत त्याचा उच्चार 'फ'च्या जवळ जातो.) सगळी मिळून तीसेक हजार वस्ती. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव समजा. या तीन गावांची वाचनालयं होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्ट ही संस्था चालवत असे.

१९९९ साल. आठवतंय ना ते वायटूकेचं भूत? जुन्या संगणकांत जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असायचे. ९९ नंतर ००, आणि ०० म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कसं कळणार? आपल्याकडची कितीतरी मुलं ते भूत उतरवायला अमेरिकेत गेली आणि तिथलीच झाली, आमच्या नात्यातलीही दोन आहेत. बँका आणि विमानांविषयी तेव्हा पुष्कळ लिहून आलं, पण वाचनालयाचं कुणी बोललं नाही. खरं तर वाचनालयाचा सारा कारभारच तारखांवर! डिसेंबर ९९ मध्ये नेलेलं पुस्तक जानेवारीत परत आलं तर हिशेब शंभर वर्षं मागे जाणार. दंड कुणी कुणाला द्यायचा?

होरोफेनुआच्या वाचनालयातली संगणक प्रणाली बरीच जुनी होती आणि तिच्यात २००० साल मावत नव्हतं. नवी विकत घ्यावी तर बाजारातल्या प्रणाली मोठ्या शहरांच्या वाचनालयांसाठी केलेल्या, किमतीही तशाच. शिवाय तीन गावांतल्या शाखा एकमेकींना जोडायला महागड्या तारा भाड्याने घ्याव्या लागणार. यांच्याकडे होती साधी टेलिफोनची लाइन आणि मोडेम. त्या काळी मोडेम जोडताना जो कर्कश आवाज यायचा तो ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

त्या वेळी वाचनालयाच्या प्रमुख होत्या रोझली ब्लेक. त्यांना वेलिंग्टनच्या कॅटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीची साथ मिळाली. कॅटिपो हा न्यूझीलंडच्या समुद्रकिनाऱ्यावरचा एक विषारी कोळी. कंपनी महाजालाची कामं करणारी, म्हणून कोळ्याचं नाव! कंपनीच्या रेचल हॅमिल्टन-विल्यम्स आणि त्यांचे सहकारी वाचनालयाच्या क्षेत्रातले नव्हते, वेबवाले होते. ते म्हणाले, विकत कशाला घेता, आपणच लिहू या. ख्रिस कॉर्मॅक हा तरुण प्रोग्रॅमर कामाला लागला. लिनक्सवर चालणारी, पर्ल या भाषेत लिहिलेली, मायएसक्यूएलमध्ये माहिती साठवणारी प्रणाली. ही तिन्ही हत्यारं मुक्त स्रोत, म्हणजे कुणालाही विनामूल्य वापरता आणि बदलता येणारी. या मंडळींनी पुढे २००९ मध्ये आपल्या अनुभवावर एक लेख लिहिला, त्याचं शीर्षक 'हाऊ हार्ड कॅन इट बी?'. कितीसं कठीण असणार! काम हाती घेताना माणूस असंच म्हणतो, आणि म्हणून तर कामं होतात.

मुदत हलणारी नव्हती. ३१ डिसेंबर काही कुणासाठी थांबत नाही. (परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या मास्तरांना ही अवस्था चांगली ठाऊक आहे.) पण जानेवारी २००० मध्ये वाचनालयाची दारं उघडली तेव्हा देवघेव नव्या प्रणालीवर सुरू झाली. शिवाय वेबवाल्यांनी केलेली असल्यामुळे पुस्तकांची यादी ब्राउझरमध्ये, घरबसल्या पाहता येणार होती. पुष्कळ मोठ्या वाचनालयांनाही तेव्हा ते जमलेलं नव्हतं.

इथवरची गोष्ट म्हणजे एका गावाने आपली अडचण भागवली, इतकीच. अशा गोष्टी पुष्कळ असतात. इतिहास घडला तो यानंतर.

वाचनालयापुढे प्रश्न होता, आता या प्रणालीचं करायचं काय? विकायची तर विक्रेते व्हावं लागेल, आणि ते वाचनालयाचं काम नव्हे. स्वतःपुरती ठेवायची तर उद्या कॅटिपो कंपनी बंद पडली किंवा ती माणसं दुसरीकडे गेली, तर दुरुस्ती कोण करणार? जगात एकाच ठिकाणी चालणारी वस्तू ही अनाथच की. तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं, सगळं देऊन टाकायचं. नुसती वापरायला नाही, तर आतल्या लिखाणासकट. जो घेईल त्याने वापरावी, सुधारावी, आणि केलेली सुधारणा इतरांना द्यावी. प्रणालीचं नाव ठेवलं 'कोहा'.

कोहा हा माओरी शब्द. पाहुणे माराएवर, म्हणजे माओरींच्या सभास्थानी जातात, तेव्हा यजमानांपुढे जी भेट ठेवतात ती कोहा. पूर्वी बहुधा खाण्याचे पदार्थ असत, आता पाकिटातून पैसेही देतात. शब्दकोशात 'भेट' असा अर्थ दिलेला असतो, पण तेवढ्याने भागत नाही. कोहा घेतला की घेणाऱ्यावर पुढे कधीतरी परत देण्याची जबाबदारी येते.

आपल्याला हे समजायला माओरी शिकायला नको. आपल्याकडे आहेर आहे. माझ्या लहानपणी लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक विश्वासू माणूस वही घेऊन बसलेला असायचा. अमुक तमुक यांजकडून पाच रुपये, अमक्यांकडून पितळी तांब्या. ती वही आई ट्रंकेत जपून ठेवी. पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की आधी वही उघडायची, आणि मग किती न्यायचं ते ठरायचं. कुणी त्याला व्यवहार म्हणो, पण त्या वहीने घरं एकमेकांशी बांधून ठेवली होती. आता पत्रिकेतच 'कृपया आहेर आणू नये' छापतात. सोयीचं आहे खरं, पण मला ते वाक्य वाचून दर वेळी थोडं तुटल्यासारखं वाटतं. असो.

तर कोहा म्हणजे आहेर, आणि त्या आहेराची वही म्हणजे जीपीएल हा परवाना. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि त्यातून १९८९ मध्ये हा परवाना आला. त्याचं मर्म एवढंच, की प्रोग्रॅम घ्या, हवा तसा बदला, वाटा, अगदी पैसे घेऊन विका. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तेव्हा तिचं मूळ लिखाणही द्या, आणि त्यालाही हेच सगळे हक्क द्या. मधल्याने दार लावून घ्यायचं नाही.

इंग्रजी लोकांची या बाबतीत एक पंचाईत आहे. त्यांच्याकडे 'फ्री' हा एकच शब्द, त्यामुळे पैसे न पडणारं आणि बंधन नसणारं यांतला फरक सांगता सांगता बिचारे थकून जातात. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. आपल्या वाचनालयांना फुकट प्रणाली नवीन नव्हती. युनेस्कोने ऐंशीच्या दशकात लहान संगणकांसाठी सीडीएस-आयसिस ही प्रणाली काढली आणि आपल्याकडे निसॅट या सरकारी यंत्रणेमार्फत ती कितीतरी ग्रंथालयांना मिळाली. उपकारच झाले. पण ती फुकट होती, मुक्त नव्हती. आत काय आहे ते बघायची सोय नव्हती. आपल्यात म्हण आहे, धर्माची गाय आणि दात का गं नाहीत? फुकट मिळालेल्या वस्तूची चिकित्सा करू नये म्हणतात. कोहाचं वेगळेपण असं, की ही धर्माचीच गाय, पण तिचे दात मोजायची सर्वांना मुभा, आणि एखादा दात नसला तर बसवून द्यायचीही.

दात नव्हतेच काही. सर्वांत मोठी उणीव होती मार्कची. ज्यांचा ग्रंथालयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हराम नावाच्या बाईंनी पुस्तकाची नोंद संगणकाला वाचता येईल अशी कशी लिहायची, त्याचा साचा तयार केला. त्या मूळच्या ग्रंथपाल नव्हेत, प्रोग्रॅमर. त्या साच्याचं नाव मार्क. त्यात प्रत्येक गोष्टीला क्रमांक. १०० म्हणजे लेखक, २४५ म्हणजे पुस्तकाचं नाव, ६५० म्हणजे विषय. छापील अर्जातले रकानेच म्हणा ना. सगळ्यांनी एकच अर्ज भरला की एका ग्रंथालयाची नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी घेता येते. होरोफेनुआला मार्कची गरज वाटली नव्हती, त्यामुळे पहिल्या कोहात तो नव्हता. मोठी ग्रंथालयं म्हणू लागली, मार्क नाही तर आम्हाला उपयोग नाही.

मग आलं नेल्सनव्हिल. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं, पूर्वीच्या कोळसाखाणींच्या पट्ट्यातलं गाव. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सात शाखा, संचालक स्टीफन हेजेस. त्यांना कोहा आवडला, पण मार्क हवा होता. त्यांनी ठरवलं, विकतची प्रणाली घेण्यात पैसा घालण्याऐवजी कोहात मार्क बसवायला तो द्यायचा. ते काम पुढे नेलं फ्रान्समधल्या पॉल पुलँ या प्रोग्रॅमरने. २००४ मध्ये कोहाची दुसरी मोठी आवृत्ती मार्क घेऊन आली. म्हणजे पाहा, न्यूझीलंडच्या खेड्याने दिलेल्या आहेराची परतफेड अमेरिकेतल्या गावाने एका फ्रेंच माणसाच्या हातून केली, आणि ती मिळाली सगळ्या जगाला. आईच्या वहीत असा आहेर नव्हता.

इतरत्रही वारं फिरत होतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने अडीचशेहून जास्त सार्वजनिक ग्रंथालयांसाठी 'एव्हरग्रीन' ही स्वतःची मुक्त प्रणाली लिहवून घेतली आणि सप्टेंबर २००६ मध्ये सुरू केली. डिजिटल संग्रहांसाठी एमआयटी आणि एचपी यांचं डीस्पेस २००२ मध्ये आलं होतं. त्याआधीच न्यूझीलंडच्याच वायकाटो विद्यापीठाचं ग्रीनस्टोन होतं. त्या देशाच्या पाण्यातच काही असावं.

आता गोष्टीतला खलप्रवेश. खरं तर खल म्हणणं कठोर होईल, कारण व्यापार करणं हा गुन्हा नव्हे. २००५ मध्ये अमेरिकेत लिबलाइम नावाची कंपनी निघाली. कोहा बसवून देणं, प्रशिक्षण देणं, अडचण आली तर सोडवणं असं तिचं काम. तिने कोहाचा प्रसारही जोरात केला. २००७ मध्ये तिने कॅटिपोचा कोहाचा सगळा व्यवसाय विकत घेतला, त्याबरोबर कोहाचं संकेतस्थळही तिच्याकडे गेलं. २००९ मध्ये तिने आपल्या गिऱ्हाइकांसाठी कोहाची एक वेगळी आवृत्ती काढली आणि तिचं लिखाण बाकीच्यांना लगेच मिळेना. परवान्यात एक फट आहे. प्रत दुसऱ्याला दिली तर मूळ लिखाण द्यावं लागतं, पण प्रणाली आपल्याच संगणकावर ठेवून गिऱ्हाइकाला नुसती दुरून वापरायला दिली, तर ते 'देणं' धरलं जात नाही. कायदा मोडला नाही, पण आहेराची वही बंद झाली. २०१० मध्ये पीटीएफएस या कंपनीने लिबलाइम घेतली. देशोदेशींचे कोहावाले त्याच सुमारास दुसऱ्या संकेतस्थळावर आपलं बिऱ्हाड घेऊन गेले. नाव जुनंच, पत्ता नवा.

खरं भांडण झालं ते नावावरून. न्यूझीलंडमध्ये 'कोहा' या शब्दाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क मागणारा अर्ज या कंपनीच्या हाती होता, आणि २०११ मध्ये तो प्राथमिक पातळीवर मंजूर झाला. ज्या भाषेतला शब्द, ज्या गावाने तो या प्रणालीला दिला, त्याच देशात तो एका परदेशी कंपनीच्या नावावर! होरोफेनुआच्या छोट्या ट्रस्टने जगभर मदतीची हाक दिली. जोआन रॅन्सम या तिथल्या ग्रंथपालबाई पहिल्यापासून कामात होत्या, त्या यात पुढे होत्या. लोकांनी पैसे पाठवले. कंपनीने सांगितलं की चिन्ह आम्ही ट्रस्टला द्यायला तयार आहोत, पण प्रत्यक्षात ते घडलं नाही. शेवटी न्यूझीलंडच्या बौद्धिक संपदा कार्यालयापुढे सुनावणी झाली. ट्रस्ट आणि वेलिंग्टनची कॅटलिस्ट आयटी ही कंपनी एका बाजूला, पीटीएफएस दुसऱ्या बाजूला. अर्ज फेटाळला गेला आणि वर दुसऱ्या बाजूचा खर्चही द्यायला सांगितलं.

हे वाचताना आपल्याला हळद आठवल्याशिवाय राहत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या कारकिर्दीत, जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक शोधनिबंध पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. तेव्हा मी वर्गात मुलांना तो किस्सा हळदीघाटीला जोडून सांगत असे आणि मुलं खूश होत. दोन्ही प्रकरणांत जिंकायला उपयोगी पडली ती एकच गोष्ट, लिहून ठेवलेलं. ज्याच्याकडे जुना कागद, त्याची बाजू.

आपल्या देशातलं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे इन्फ्लिबनेटचं सोल विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत गेलं, एनआयसीचं ई-ग्रंथालय सरकारी ग्रंथालयांत. हैदराबादहून न्यूजेनलिब नावाची प्रणाली निघाली, ती २००८ मध्ये मुक्त झाली. कोहाने पाय रोवले ते विशेषतः केरळात, तिथल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत. केरळने शाळांतही लिनक्स नेलं होतं, त्यामुळे ती हवाच तिथे होती. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गातली हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत. इतकी वाचनालयं असणं ही मोठीच श्रीमंती. पण त्यांतली अनेक अजून दाखल नोंदवहीवर चालतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट झालं ते असं.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी निवृत्तीनंतर आलो. त्याच्या आधी, नव्वदीच्या अखेरीस, तेव्हाच्या उत्साही मंडळींनी वर्गणी काढून संगणक घेतला आणि एका छोट्या कंपनीकडून (नाव सांगत नाही, आता त्यात अर्थ नाही) प्रणाली घेतली. ग्रंथपालबाईंनी तीन वर्षं बसून बावीस हजार पुस्तकांच्या नोंदी केल्या. प्रणालीला कुलूप म्हणून संगणकाच्या मागे एक डोंगल लावलेलं असायचं, ते नसेल तर काही उघडत नसे. २०१४ च्या पावसाळ्यात वीज पडून संगणक गेला, डोंगलही गेलं. कंपनीचा फोन लागेना, पत्त्यावर दुसरंच दुकान. नोंदींची प्रत सीडीवर होती, म्हणून आम्ही निर्धास्त! माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सीडी उघडली तर आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. युनिकोडच्या आधीचा काळ तो. मराठी अक्षरं खास फॉन्टच्या जोरावर दिसायची, आतली खूण दुसरीच असायची. फॉन्ट नाही तर मराठी नाही. बाईंची तीन वर्षं डोळ्यांसमोर होती आणि वाचता येत नव्हती. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, उठून कपाटातून दाखल नोंदवही काढली आणि देवघेवीच्या टेबलावर ठेवली. पुढची काही वर्षं वाचनालय पुन्हा त्या वहीवर चाललं. शाईने लिहिलेली १९३८ सालची नोंद आजही वाचता येते.

म्हणून मागच्या वर्षी पुन्हा संगणकाचा विषय निघाला तेव्हा मी कोहाची बाजू धरली. एका कंपनीचा प्रस्ताव होता, दरवर्षी ठरावीक रक्कम, सगळं तयार. खोटा नव्हता तो प्रस्ताव. मी एकच प्रश्न विचारला, उद्या आम्ही पैसे देणं थांबवलं तर आमच्या नोंदी कुठल्या स्वरूपात परत मिळतील? समोरच्या तरुणाने "बघून सांगतो" म्हटलं आणि त्यानंतर फोन आला नाही. आमचे खजिनदार मात्र माझ्यावरच उलटले. "गुरुजी, तुमचं ते कोहा फुकट आहे ना? मग हा खर्च कसला?" त्यांना कागदावर मांडून दाखवलं. संगणक लागणार, त्यावर लिनक्स आणि कोहा बसवणारा माणूस लागणार, रोज रात्री नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवायची व्यवस्था लागणार, बाईंना शिकवावं लागणार. परवान्याचे पैसे शून्य, पण माणसाच्या वेळेचे शून्य नाहीत. मुक्त प्रणाली घेऊन तिच्याकडे लक्ष द्यायला माणूस न ठेवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, आणि मग दोन वर्षांनी 'ते चालत नाही हो' म्हणतात. वाचलेले पैसे भिंतींना रंग द्यायला वापरायचे नाहीत, एका अर्धवेळ मुलीला नोंदींसाठी ठेवायचं, असा ठराव केला. तो तीन विरुद्ध चार मतांनी पास झाला, हेही सांगून टाकतो.

नोंदी करताना एक गंमत कळली. कोहाला दुसऱ्या ग्रंथालयांकडून तयार नोंदी आणता येतात, म्हणून जुन्या मराठी पुस्तकांसाठी आम्ही थेट वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये शोध घेतला, आणि कितीतरी सापडली! कशी? तर माझ्या वयाच्या लोकांना पीएल-४८० आठवत असेल, अमेरिकेचा गहू. त्या गव्हाचे पैसे आपलं सरकार रुपयांत देई. ते रुपये अमेरिकेने इथेच खर्च करायचे, आणि १९६२ पासून त्यातल्या काहींतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवली गेली. त्यांत मराठीही. आपण रांगेत उभं राहून ज्या गव्हाला नावं ठेवली, त्याच्या बदल्यात आपली पुस्तकं तिकडे गेली, आणि त्यांच्या नोंदी साठ वर्षांनी आमच्या गावी परत आल्या. अडचण एकच, त्या जुन्या नोंदी रोमन लिपीत, अक्षरांवर-खाली टिंबं आणि रेघा देऊन केलेल्या. देवनागरी आम्हीच घालतो.

लेखकांच्या नावांचा घोळ हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच, हे आपल्याला माहीत, यंत्राला नाही. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम. कोहात यासाठी प्रमाण नावांची वेगळी नोंद करता येते, म्हणजे वाचकाने कुठलंही नाव दिलं तरी सगळी पुस्तकं एकत्र दिसावीत. बाई हे काम इतक्या आवडीने करतात की त्यांना घरी जा म्हणून सांगावं लागतं. आतापर्यंत नऊ हजार नोंदी झाल्या आहेत, या वेळी सगळ्या युनिकोडमध्ये. दर शनिवारी त्यांची एक प्रत माझ्या विद्यार्थ्याच्या घरी आणि एक शाळेतल्या संगणकावर जाते.

गेल्या आठवड्यात एका वाचकाला 'वाऱ्यावरची वरात' हवी होती. पुस्तक समोर कपाटात, पण संगणक म्हणे, नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. आपला हा अर्धा 'ऱ' संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो. दिसायला सारखाच, पण आतल्या खुणा वेगळ्या. नोंद एका तऱ्हेने झाली होती, वाचकाने शोध दुसऱ्या तऱ्हेने घेतला होता. आता सगळ्या नोंदी एकाच तऱ्हेने करून घेतो आहोत, आणि शोधतानाच दोन्ही खुणा एक धरता येतील का, ते माझा विद्यार्थी कोहाच्या आत शिरून बघतो आहे. जमलं तर तो ते कोहावाल्यांना पाठवणार आहे.